सुई आणि पुढची जागा

बाबांची भाड्याची प्रवासी मोटार अमरावतीहून कौंडण्यपूरच्या जत्रेला जायची आणि आई दरवर्षी घरीच राहायची. रुक्मिणीच्या माहेरी एकदा जाऊन तिची ओटी भरावी, एवढीच आईची हौस. पण जत्रेत मोटार खच्चून भरे आणि बाबा म्हणत, "पुढच्या साली नेतो तुले." ते पुढचं साल काही उगवत नव्हतं. मला बाबांचा भारी राग यायचा.

एका कार्तिकात पटकीची साथ आली. लस टोचून घेतल्याशिवाय जत्रेला कोणाला सोडायचं नाही, असा सरकारी हुकूम निघाला. आमच्याकडे पटकीपेक्षा सुईचीच धास्ती मोठी, त्यामुळे मोटारीकडे चिटपाखरू फिरकेना. बाबा हातावर हात धरून बसणारे नव्हते. त्यांनी डॉक्टरांना गळ घालून टोचणीचं टेबल मोटार अड्ड्यावरच मांडून घेतलं, मोटार धुऊन काढली, उकळलेल्या पाण्याचा माठ ठेवला आणि ओरडू लागले, "पहिल्यानं टोचून घेणाऱ्याले माह्याजवळची जागा!" या पुढच्या जागेसाठी एरवी बडे बडे पाटील भांडत. आता सगळे लांबून गंमत बघत उभे.

तेवढ्यात गर्दीतून आई पुढे आली. हातात ओटीचं सामान, म्हणजे घरून ठरवूनच आलेली. तिनं दंड पुढे केला, हूं की चूं न करता टोचून घेतलं आणि सरळ पुढच्या जागेवर जाऊन बसली.

"बाईमाणसानं घेतली, अन् आपण काहून भेऊन राहिलो?" कोणीतरी म्हणालं. मग रांगच लागली आणि बघता बघता मोटार भरली.

बाबा हळूच आईजवळ आले. "उतर वो जराशी. पाटील आले हायेत. तुले पुढच्या साली..."

"सुई मले टोचली. जागा बी माहीच," आई म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच पिटल्या.

मोटार सुटणार, तोच डॉक्टरांनी बाबांना अडवलं. "मालक, तुमचा दंड?"

लोकांना घसा फोडून बोलावणारे बाबा स्वतःच सुई चुकवत होते! अड्डाभर हशा पिकला. मोटार चालवणारे तेच, त्यामुळे ते नाहीत तर जत्राही नाही. आई खाली उतरली आणि तिनं त्यांचा हात धरला. "माह्याकडं पाहा. काई नाई होत."

पुढच्या साली साथ नव्हती, टेबलही नव्हतं. पाटील सवयीनं पुढच्या जागेकडे वळले.

"ती जागा भरली हाये," बाबा म्हणाले, आणि रिकाम्या जागेशेजारी बसून आईसाठी भोंगा वाजवत राहिले.