रायटरकाकांचा पाचवा प्रश्न

मागे एका जिल्हा परिषद निवडणुकीत माझ्या छापखान्यातून एकाच सकाळी दोन पत्रकं बाहेर पडली. एकात लिहिलं होतं, तालुक्यात चोऱ्या वाढल्या. दुसऱ्यात लिहिलं होतं, तालुक्यात चोऱ्या कमी झाल्या. दोन्हींचा मजकूर एकाच माणसाने, एकाच निळ्या बॉलपेनने, माझ्याच टेबलाशी बसून लिहिला होता. आणि गंमत अशी की दोन्ही पत्रकं खरी होती. एकात बागेतल्या नारळ-सुपारीच्या चोऱ्या होत्या, दुसऱ्यात घरफोड्या. मी विचारलं, "काका, दोन्हीकडून लिहिताना काही वाटत नाही?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठाण्यात फिर्यादीचा जबाब मीच लिहायचो नि आरोपीचाही मीच. तेव्हा नाय कुणी विचारलं मला."

त्यांना सगळी रत्नागिरी रायटरकाका म्हणे. ते साहित्यिक वगैरे नव्हते. पोलीस ठाण्यात लोकांची तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात, ते काम त्यांनी जन्मभर केलं. कधी गुहागरला, कधी देवरुखला, शेवटी इथे. निवृत्त झाले तरी ठाण्याची भाषा काही सुटली नाही. काकूंनी एकदा चहात साखर घातली नाही, तर मला म्हणाले, "सदर चहा साखरेविना असून, सबब तो पिण्यास मी नाखूश आहे." काकू आतून म्हणाल्या, "मग सदर कप विसळून ठेवा."

आमच्या जिल्हा परिषद गटात पक्ष दोनच. त्यांची खरी नावं आणि झेंडे दर निवडणुकीला बदलत असल्यामुळे लोक त्यांना कचेरीवरून ओळखतात, एक सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळपठारावरचा, आणि एक खाडीवरचा. दोघांनाही प्रचारात गुन्हेगारी हवी असे. जो सत्तेत नाही त्याला वाढलेली, जो आहे त्याला घटलेली. उमेदवार मजकूर घेऊन आला की काका तो फिर्यादीसारखा मोठ्याने वाचायचे आणि चार प्रश्न विचारायचे. काय गेलं? कुठून गेलं? कधी गेलं? कुणी नेलं ते माहीत आहे का? "ही चार उत्तरं नसली तर ती फिर्याद नव्हे, नुसती आरडाओरड," असं म्हणून ते 'गुन्हेगारांचा सुळसुळाट', 'गुंडांचा नंगानाच' असल्या शब्दांवर आडवी रेघ मारत. उमेदवाराचा चेहरा पडायचा, कारण बहुतेक वेळा मजकुरात तेवढंच असायचं.

सड्यावरच्या उमेदवाराला सगळे भाई म्हणत. त्याचं एक लाडकं वाक्य होतं, 'आमच्या माता-भगिनी आज घराबाहेर पडायला घाबरतात.' काकांनी विचारलं, "कुणाची माता?" भाई म्हणाला, "सर्वसाधारण माता." काका म्हणाले, "तुझी स्वतःची आई काल रात्री दहाला कीर्तनाहून एकटी परत आली. माझ्याच दारावरून गेली. वर मला हाक मारून म्हणाली, रस्त्यात दिवा नाय, तेवढं आमच्या भाईला सांगा." भाईने वाक्य काढलं आणि दिव्याचं घातलं. पुढे लोकांना ते दिव्याचं वाक्यच लक्षात राहिलं, आणि भाई ते वाक्य आपल्यालाच सुचलं असं सांगू लागला.

"भीती विकू नकोस रे," काका प्रत्येकाला बजावत. "घाबरलेला मतदार दाराला कडी लावून बसतो. मग मत कोण देणार, कडी? गस्त कधी घालणार ते लिही, दिवा कुठे लावणार ते लिही." आणि दुसरं एक होतं. गुन्हा लिहायचा, गुन्हेगार लिहायचा नाही. तो कोर्ट लिहितं. जातीचा, गावाचा, परप्रांताचा उल्लेख आला की त्यांचं पेन थांबलंच. मला या माणसाचा फार अभिमान वाटे. पत्रकाच्या तळाला कायद्याने मुद्रकाचं नाव टाकावं लागतं, तिथे माझं नाव असे, आणि तेवढ्यावर मीही थोडाफार सज्जन झाल्यासारखा वावरत असे.

त्याच निवडणुकीत, मतदानाला दहा दिवस उरले असताना, कातळवाडीच्या देवळातली मोठी पितळी घंटा नाहीशी झाली. भाई सकाळीच धावत छापखान्यात आला. संकट गावावर आलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्याने मजकूर आणला होता, 'परप्रांतीयांना थारा देणाऱ्यांना घरी बसवा.' देवळाला लागून असलेल्या हापूसच्या बागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब होतं, रोख त्यांच्यावर होता. काकांनी 'परप्रांतीय' हा शब्द खोडला. भाईने खूप आर्जवं केली, काका बधले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या हाताने साधं, सरळ वाक्य लिहिलं. 'देवळाशेजारच्या बागेत राखणदार असूनही देवाची घंटा जाते, मग ज्यांच्या दाराशी राखणदार नाही त्यांनी कुणाकडे बघावं? पोलिसांची गस्त कुठे आहे?' मी वाचलं आणि वाहवा म्हटलं. कुणाचं नाव नाही, कुणाची जात नाही, दोष गस्तीला. दुपारपर्यंत छापूनही झालं.

तीन दिवसांनी कातळवाडीचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका छापायला आले. काका तिथेच बसले होते. मी सहज विचारलं, "घंटेचं काही कळलं?" ते म्हणाले, "कळायचं काय त्यात? गुरख्यानंच नेलीन. पत्रकात छापून आलंय. आमी काल सगळे बागेत गेलो नि मालकाला सांगून आलो, याला काढा." मी म्हटलं, "पत्रकात असं कुठे आहे?" त्यांनी मला वेड्यात काढलं. "अहो, राखणदार असून घंटा जाते म्हणजे काय? शाळेतलं पोर सांगेल." काकांनी पेनाला टोपण लावलं. मला म्हणाले, "छापखान्या, स्कूटर काढ."

वाटेत ते एकच गोष्ट बोलले, ती अशी की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जागा न बघता लिहिलं होतं. देवळात जाऊन त्यांनी वर बघितलं. घंटेची कडी शाबूत होती, आणि तिचा नट खालच्या कट्ट्यावर, पुसून, कागदावर ठेवलेला होता. "चोर नट पुसून ठेवतो होय रे?" काका म्हणाले. गुरवाला विचारलं तर तो वर बघत छपराची कौलं मोजू लागला. शेवटी थोरल्या घरच्या मानकऱ्यांकडे उलगडा झाला. घंटेला चीर गेली होती. शिमग्याच्या आत दुरुस्त व्हावी म्हणून त्यांनीच ती गुपचूप सावर्ड्याला एका कारागिराकडे पाठवली होती. गुपचूप अशासाठी, की घंटा उतरवण्याचा मान आपला, असं धाकट्या घरचं म्हणणं. विचारायला जावं तर तीन बैठका आणि पाच वर्षं. तोवर चोरीची बोंब झाली, आणि आता कबूल केलं तर मान गेला असता.

"नि त्या माणसाची अब्रू?" काकांनी विचारलं.

"तो काय, हंगामाचा माणूस," मानकरी म्हणाले. वाईट माणूस नव्हता. आम्हाला कोकम सरबत दिलं.

बागेत राखणदार सामान बांधत होता. झाडं मोहोराने भरलेली होती. सगळा गाव त्याला गुरखा म्हणे. काकांनी नाव विचारलं, तो म्हणाला, तिलक. काकांनी सांगितलं की ते पत्रक मी लिहिलं, दोन दिवस थांब, मी दुसरं लिहून देतो. तिलक मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मुलीने वाचून दाखवला साहेब. ती इथल्या शाळेत जाते ना. चांगला वाचते." काका तसेच वळून बागेच्या मालकाकडे गेले. मालक स्पष्ट बोलला. "तो चोर नाही हे मला ठाऊक आहे. पण गावाशी वाकडं घेऊन बाग राखता येत नाही."

काका त्याच संध्याकाळी भाईकडे गेले. भाई म्हणाला, "काका, निवडणूक होऊ दे, मग छापू." मग ते खाडीवरच्या पक्षाकडे गेले. ते सत्तेत होते, चोरी झालीच नाही हे त्यांना तरी आवडायला हवं होतं. पण थोरल्या घरची सगळी मतं त्यांचीच. तेही म्हणाले, निवडणूक होऊ दे. जिल्ह्यात पाच वर्षं दोन पक्षांचं एकमत झालं नव्हतं, ते काकांनी एका संध्याकाळात घडवून आणलं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःचं पत्रक घेऊन आले. 'मी, विष्णू, निवृत्त रायटर, समक्ष लिहून देतो की, कातळवाडीच्या देवळातील घंटा चोरीस गेलेली नसून दुरुस्तीस गेली आहे. मी जागा न पाहता लिहिले. त्यावरून बागेचा राखणदार तिलक यास दोष लागला. तो निर्दोष आहे. सबब चूक माझी आहे.' आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहिणाऱ्याचा हा पहिलाच स्वतःचा जबाब. मानकऱ्यांचं नाव त्यांनी त्यातही घेतलं नव्हतं. तळाला मुद्रक म्हणून माझं नाव होतं. प्रकाशक कोण टाकू, विचारलं तर म्हणाले, "मी. दुसरा कोण आहे?"

उन्हाची छत्री घेऊन ते कातळवाडीत घरोघर फिरले. लोकांनी पाणी दिलं, पत्रक घेतलं, आणि घडी घालून ठेवून दिलं. चौथ्या दिवशी घंटा देवळात पुन्हा टांगलेली दिसली. लगेच सड्यावरच्यांनी रिक्षाच्या भोंग्यावर सांगितलं, आमच्या दबावामुळे घंटा परत आली. खाडीवरच्यांनी सांगितलं, आमच्या काळात चोरीचा छडा असा लागतो. दोन्ही मजकूर काकांचे नव्हते. यापुढे त्यांना कुणी लिहायला बोलावलंच नाही.

तिलक मात्र थांबला नव्हता. काकांचं हे पत्रक छापलं त्याच सकाळी तो बायको-मुलीला घेऊन गेला होता. कुठे गेला, मालकालाही माहीत नव्हतं. काकांनी पत्रकाची एक प्रत पाकिटात घातली, वर नुसतं 'तिलक यांस' लिहिलं आणि माझ्या खणात ठेवली. "आला तर दे." पुढची दोन वर्षं हंगाम सुरू झाला की काका बागाबागांतून नव्या राखणदारांकडे चौकशी करत हिंडले. मग तेही गेले. त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं, हे मला ते असताना सांगायला हवं होतं.

जाण्याआधी त्यांनी आपल्या चार प्रश्नांत पाचवा घातला होता. हे वाचून लोक कुणाच्या दाराशी जातील? परवा एका पक्षाचा तरुण उमेदवार आला. हल्ली मजकूर मोबाइलवर जातो, पण तपासून घ्यायला अजून कुणी कुणी माझ्याकडे येतात. गुन्हेगारीवरचा मजकूर होता, त्यात 'बाहेरून आलेले काही जण' होते. मी चार प्रश्न विचारले, मग पाचवा विचारला. तो माझ्यावरच वैतागला. "काका, आम्ही नाव कुठे घेतलंय कुणाचं?"

मी खण उघडला आणि पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. कडा पिवळ्या पडल्यात.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"आम्हीही नव्हतं घेतलं नाव," मी म्हटलं.