शनीवरून आलेलं विशेषण

फोनवर 'आण्णा' दिसलं म्हणून मी तो दोनदा कापला. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा होतो, हात तेलात होते आणि इंग्रजी विशेषण ऐकायची ती वेळ नव्हती. तिसऱ्यांदा वैतागून उचलला, तर पलीकडं वहिनी. "भाऊजी, तुमी लगेच इस्लामपूरला या... हे गेले."

आण्णा माझे थोरले भाऊ. फौजेत कारकून होते. कुणा साहेबानं बदलीच्या वेळी टाकून दिलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन ते घरी परतले आणि आमची शांतता संपली. त्यांना हवी असायची ती विशेषणं, तीही कुणी वापरत नाही अशी. ऐन कामात फोन करायचे. "'सिनिस्टर' म्हंजे घातकी, अशुभ. मूळ लॅटिन अर्थ डावा. तू डावखुरा न्हवं?" डोकं उठायचं!

कहर केला तो माझ्या मुलीच्या सुपारीत. वडूजचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील अबोल, तासभर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आण्णा कौतुकानं म्हणाले, "पाव्हणं, तुमी अगदी सॅटर्नाइन!" तिथंच थांबले असते तर... पण अर्थ सांगितल्याशिवाय त्यांना चैन कुठलं? "शनीवरनं आलाय शब्द. शनीच्या अमलाखालचा, गंभीर, घुमा माणूस."

पाहुणे ताडकन उठले. "माज्या पोराच्या सुपारीत शनी काढता व्हय?" भरलं ताट तसंच ठेवून गाडीत जाऊन बसले. मी आण्णांना तोंडाला येईल ते बोललो.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता एस.टी.नं वडूजला गेले, पिशवीत शब्दकोश घालून. कळल्यावर मी कपाळावर हात मारला. पाहुण्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी 'जोव्हिअल' काढून दाखवला. आनंदी, हसतमुख, गुरू ग्रहावरून आलेला. "इंग्रजांनी समद्या ग्रहांना कामाला लावलंय बघा. तुमाला कुटला पायजे, सांगा!" पाहुणे म्हणे पोट धरून हसले. लग्न झालं. पाठवणीला मी रडलो, तर भर मांडवात मला 'मॉडलिन' म्हणाले, म्हणजे रडवा. वर त्याची सगळी कुळकथा वऱ्हाडाला सांगितली!

आण्णांच्या दिवसांना वडूजचे व्याही आले. माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "माणूस गुरूचा होता."

परवा आण्णांच्या खोलीत गेलो. टेबलावरचा शब्दकोश नीट मिटलेला नव्हता, मध्ये त्यांचा चष्मा होता. वहिनींनी तो काढू दिलेला नाही. मी शब्दकोश हळूच उघडला. दोन पानं, साठ-सत्तर शब्द, कुठंही खूण नाही. वरपासून खालपर्यंत वाचत बसलो, निम्मे कळलेच नाहीत... यातल्या कुठल्या शब्दावर थांबला होतात, आण्णा, तेवढं तरी सांगून जायचं!