सोलरच्या नळाचं पाणी

दौंडच्या दवाखान्यात वडिलांच्या शेजारच्या खाटेपाशी न्हावऱ्याची एक बाई बसलेली असे. तिच्या नवऱ्यालाही कॅन्सरचीच औषधं चालू होती. दोघांच्याही अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. ऑक्सिजन कोरडा जाऊ नये म्हणून त्याच्या नळीला पाण्याची बाटली असते. तिच्यातलं पाणी खाली गेलं, की नर्सची वाट न बघता बाई त्यांची आणि आमचीही बाटली सोलरच्या नळावर भरून आणायची. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात, तशी आधी मनगटावर धार घ्यायची.

“आजारी माणसाला गार पाणी सोसत न्हाई, दादा.”

मग बाटलीतली बुडबुड ऐकत बसायची.

नवरा तापानं फणफणला, छाती भरली आणि गेला. मयत जीपमध्ये ठेवल्यावर ती माघारी आली आणि आमची बाटली भरून दिली.

“आता तुमचं तुम्ही बघा. आन् गार न्हाई घालायचं.”

जीप फाटकाबाहेर पडली न पडली तोच डॉक्टर तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन आले. म्हणाले, “हे जंतू सोलरच्या टाकीतल्या कोमट पाण्यात वाढतात. नळीतून थेट छातीत गेले.”

बाटली बुडबुडतच होती. मी हात लावला. कोमट लागली. मग वडिलांच्या कपाळावर हात ठेवला.

तेही कोमट लागलं.