तिसऱ्या आरोपीचे वकील

आमच्या शेजारचे वकील पंगतीतसुद्धा शेवटी वाढून घेत. "आधी इतरांचं होऊ दे," हे त्यांचं पालुपद. एका खटल्यात अनेक आरोपी असले की साक्षीदाराची उलटतपासणी प्रत्येकाच्या वकिलानं पाळीपाळीनं घ्यायची असते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या घरात आरोपी मी एकटाच आणि उलटतपासणीची सोयच नाही, असं मी म्हणे, तेव्हा ते माझ्या बायकोकडे बघून हसत.

एकदा रेशनकार्डासाठी प्रतिज्ञापत्र करायला पनवेल कोर्टात गेलो आणि पंख्याच्या आशेनं त्यांच्या खटल्यात जाऊन बसलो. तिघांवर मारहाणीचा आरोप होता. मार खाल्लेला आपटा गावचा म्हातारा पिंजऱ्यातून सांगत होता, "या दोघांनी मला मारला, न् त्यानं मला धरला."

'धरला' म्हटल्यावर वीटभट्टीवरचा तो तिसरा गडी, म्हणजे आमच्या वकिलांचा अशीलही आत जाणार, हे मलासुद्धा कळलं. पहिल्या दोन वकिलांनी म्हाताऱ्याला खोटारडा ठरवायला पाहिलं, तसा तो आणखीच भडकला.

मग आमचे वकील सावकाश उठले.

"काका, यानं तुम्हाला धरलं ते कधी?"

"मार खाल्ल्यावर. पडत व्हतो ना मी!"

"बरं," म्हणून ते खाली बसले.

पुढे तो गडी सुटला. मी शहाणपणा केला, "वकीलसाहेब, अजून दोन प्रश्न विचारायचे होते की!"

ते चष्मा पुसत म्हणाले, "मग भांडण कोणी उकरून काढलं, तेही सांगितलं असतं म्हाताऱ्यानं."