काकूंचा पाहुणचार

घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाला आपली अडचण दाखवणं तुम्हाला जमेल का? जर्मनीत एश्बॉर्नमधल्या आमच्या शेजारच्या काकूंना जमलं नाही. उजवा खांदा आखडल्यापासून त्यांची वेणी मी घालते. अंघोळीला मात्र त्या कुणालाच हाक मारत नाहीत. म्हणून आम्ही फ्लेगेग्राडसाठी, म्हणजे किती मदतीची गरज आहे ते ठरवणाऱ्या श्रेणीसाठी, अर्ज केला. तो मंजूर झाला, तर सार्वजनिक विम्याच्या खर्चाने अंघोळ घालायला बाई येते.

विम्याकडून तपासणीला जर्मन बाई आली, तेव्हा काकू माझ्याकडून इरकल नेसवून घेऊन, डाव्या हाताने शिरा ढवळून तयार होत्या.

"एकट्याने अंघोळ जमते का, विचारतेय," मी म्हणाले.

"जमते की! गेनाऊ!" काकूंनी 'अगदी बरोबर' असं थेट तिलाच जर्मनमध्ये सांगितलं. मी मध्ये बोलू लागले, तर माझ्यावर डोळे वटारले. "तिला अजून शिरा वाढ."

अर्ज नाकारला गेला. मी भडकले. "काकू, हा तुमचा हक्क आहे!"

"अगं, ती बिचारी उन्हातून आलेली. तिच्यापुढे कुठे रडगाणं गायचं?" असं म्हणत त्या माझीच पाठ थोपटत राहिल्या.

आम्ही हरकत नोंदवली आहे. ती बाई पुन्हा येईल. तुमच्या घरच्या थकलेल्या माणसाची अशी तपासणी असेल, तर त्यांच्याशेजारी बसा. त्यांनी कितीही डोळे वटारले तरी खरं ते सांगा.