डब्याचं झाकण

आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या क्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते कधीच कुणाची बाजू घेत नसत. स्टाफरूममध्ये पंख्यावरून रोज भांडण व्हायचं. सर्दीवाले म्हणत बंद करा, घामवाले म्हणत लावा. भाऊसाहेब भाकरी मोडत दोघांनाही सांगायचे, "तुमचंबी बराबर, त्यांचंबी बराबर."

मी फिजिक्स शिकवतो. मनातल्या मनात त्यांना न्यूट्रॉन म्हणायचो.

गेल्या महिन्यात आमच्या बदनापुरात ऊन पेटलं आणि ऐन जेवणात भांडणही. भाऊसाहेब एकदम उठले, डब्याचं झाकण खिडकीबाहेर भिरकावलं आणि गरजले, "पंखा चालूच राहील! बिलकुल बंद होनार न्हाई!"

पुढच्या तासाला मी बीटा क्षय शिकवला. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो. केंद्रकातले कण तेवढेच राहतात, तरी कार्बनचा नायट्रोजन होऊन बसतो.

आमची स्टाफरूमही तशीच झाली. माणसं तीच, पण बटणाला हात लावण्याआधी सगळे भाऊसाहेबांकडे बघतात.

शिपायानं झाकण शोधून आणलं, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"आता ते माझं न्हाई," म्हणाले.

तेव्हापासून त्यांचा डबा फडक्यात बांधून येतो.