गंधाच्या टिळ्याखालचा दिवा

मंडळी, ऑफिसात बसलेय, पण कामात लक्ष नाही. तुमच्यात कुणाला गाड्यांमधलं कळत असेल तर लगेच सांगा.

सकाळी नवरा मला इथे चेन्नईत नुंगंबाक्कमला ऑफिसात सोडून पुढे शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जाणार होता. दसऱ्याच्या आयुधपूजेला सासूबाईंनी स्टिअरिंगमागच्या, वेगाचा काटा असतो त्या काचेवर चंदन-कुंकवाचा ठसठशीत टिळा लावलाय. आज त्याच्या कडेने पिवळा उजेड दिसला. रुमाल ओला करून टिळा पुसला, तर खाली इंजिनाचं इवलंसं चित्र पेटलेलं! कधीपासून, कुणास ठाऊक.

अमेरिकेत होतो तेव्हा आमच्या गाडीत त्या जागी सरळ ‘चेक इंजिन’ अशी अक्षरं उमटायची. ती काही टिळ्याखाली मावली नसती.

नवरा हसला. “अगं, तिथेही लागला होता ना? पेट्रोलचं झाकण सैल होतं, एवढंच.” त्याने उतरून झाकण घट्ट केलं, मला सोडलं आणि गेला. दिवा तसाच.

पण इथल्या गाडीत झाकणामुळे दिवा लागतो का? की हा दुसरंच काही सांगतोय? नवरा फोन उचलत नाहीये.

शेवटी घरी फोन करून सासूबाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, त्याचा पोचल्याचा फोन आला का. “नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू टिळा पुसलास कशाला? त्याच्या भरवशावर तर रोज एवढ्या लांब जातो तो.”

मी या असल्या गोष्टी मानत नाही. तरी मघापासून दिव्यापेक्षा त्या पुसलेल्या टिळ्याचीच धास्ती जास्त वाटतेय.